शेवटाला ठेवलेले डोळे

एकच सिनेमा तेवीस वेळा बघून चोविसाव्या वेळी "आज जरा बरा लागला" म्हणणारा माणूस अख्ख्या पेण तालुक्यात एकच होता, आणि तो माझं गिऱ्हाईक होता. नव्वदच्या दशकात पेणच्या एस.टी. स्टँडजवळ माझी व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी होती. जवळच्या जोहे गावातले, म्हणून जोह्याचे काका, तिथे दर सोमवारी दुपारी यायचे. गणपतीच्या कारखान्यात ते फक्त डोळे आखायचे. साच्यातून मूर्ती काढणारे वेगळे, शेला-पितांबर रंगवणारे वेगळे. सगळ्यांचं सगळं उरकलं की शेवटी काका हात धुऊन, श्वास रोखून बुबुळं टेकवणार. त्या उजव्या हाताला त्यांनी जावयासारखं जपलं. बादली डाव्या हातानं, चहाची बशी डाव्या हातानं. मतं मागायला आलेल्या उमेदवारानं हात पुढे केला तर त्यालाही डावाच मिळाला. माणसं ते नावानं ओळखत नसत, डोळ्यांनी ओळखत. माझ्या लग्नाआधी मुलीचा फोटो दाखवला, तर म्हणाले, "पोरगी चांगली हाय. उजवा डोळा ऐकतो, डावा ठरवतो. तू आपला उजव्याशी बोलत जा." पुढे संसारात त्याचा प्रत्यय आला, ते असो.

तर तो सिनेमा. रोह्याच्या एका कंपनीत यंत्र बसवायला जपानी इंजिनिअर आले होते. जाताना त्यांच्यातल्या एकानं तिथल्या कामगाराला एक कॅसेट भेट दिली, आणि तो कामगार म्हणजे काकांचा धाकटा भाऊ. तोही पूर्वी डोळेच आखायचा. एका वर्षी चतुर्थी आठवड्यावर आली असताना काकांनी भर कारखान्यात त्याच्या हातचे ओले डोळे फडक्यानं पुसले, "हे कोणाकडंच बघत नाय" म्हणाले आणि पुन्हा स्वतः आखले. धाकट्यानं ब्रश पाण्यात ठेवला, चपला घातल्या आणि रोह्याला जाऊन शिफ्टची नोकरी धरली. त्यानंतर सहा वर्षं जोह्यात पाऊल नाही. कॅसेट माझ्या हातात देऊन तो एवढंच म्हणाला, की दादा येतो तुझ्याकडे, त्याला दाखव, पण मी दिली म्हणू नको. मी शब्द पाळला.

कॅसेटमध्ये निघालं कार्टून. कार्टून म्हणजे पोरांचं, असं आम्ही समजून चाललो होतो. इथे पहिल्या दहा मिनिटांत राक्षसांनी अर्धं गाव खाल्लं. दोन भाऊ, दोघे तलवारबाज. धाकट्याचा राक्षस होतो आणि मोठा तलवार घेऊन त्याच्या मागावर. सगळं जपानीत, आम्हाला ओ की ठो कळेना. राक्षस झालेल्या धाकट्याचे डोळे नुसते पांढरे, बुबुळंच नाहीत. काका पोट धरून हसले. म्हणाले, बिचाऱ्यांना आखणीला वेळ मिळाला नसेल, सण तोंडावर आला असेल, तसाच माल बाहेर काढला. मग आणखी चुका काढायला म्हणून पुढच्या सोमवारी पुन्हा बघितलं, आणि तिथेच फसले. तिसऱ्या खेपेला त्यांना दिसलं, की मोठा जेवायला बसताना एक वाटी जास्त मांडतो. सातव्या खेपेला दिसलं, की राक्षस सगळ्यांची घरं मोडतो, पण भावाच्या घराला वळसा घालून जातो. दहा वेळा ते मोठ्याच्या बाजूनं होते, अकराव्या वेळी बोलेनासे झाले आणि पंधराव्या वेळी मोठ्याला म्हणाले, "गाढव हाय लेकाचा." दर आठवड्याला कॅसेटमध्ये कोणी नवीन काही भरून ठेवतं की काय, असं मला वाटायला लागलं.

शेवटाला मात्र नेहमी चित्र लोळायचं. चोविसाव्या सोमवारी मी व्हीसीआरचं हेड नीट पुसलं आणि शेवट पहिल्यांदा धड दिसला. मोठा तलवार खाली ठेवतो, रिकामा हात दाखवतो आणि राक्षसासमोर मांडी घालून बसतो. तेव्हा त्या पांढऱ्या डोळ्यांत बुबुळं येतात. दोन सेकंद, बस्स. काकांनी चार वेळा मागे घ्यायला लावलं. मग स्वतःच उठून टीव्ही बंद केला.

"डोळे राहिले नव्हते रे," ते म्हणाले. "शेवटाला ठेवलेले. घाई मीच केली."

जाताना ते "आज जरा बरा लागला" म्हणाले खरे, पण त्यात दम नव्हता. पुढचे दोन सोमवार ते पेणहून रोह्याच्या गाडीत बसले आणि दोन्ही वेळा एक स्टेशन अलीकडे, निडीलाच, उतरून परत आले. पहिल्यांदा म्हणाले चुकून उतरलो, दुसऱ्यांदा म्हणाले निडीच्या फलाटावर वारा छान येतो. तिसऱ्या सोमवारी त्यांनी मलाच पाठवलं. "सांग त्याला, एक मूर्ती डोळ्यांवाचून राहिलीय. दादाचा हात थरथरतो आता, म्हणावं." मी त्यांच्या हाताकडे बघितलं. त्याच हातानं तासाभरापूर्वी माझ्या बायकोला सुईत दोरा ओवून दिला होता, पहिल्या झटक्यात.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी धाकटा आला, पहिली शिफ्ट करून, कंपनीच्या कपड्यांतच. मीही गेलो होतो. तो डोळे आखत असताना काका त्याच्या मागे बल्ब धरून उभे राहिले. आखून झाल्यावर त्यानं मागे न वळताच विचारलं, "दादा, बघतायत का?"

"माझ्याकडंच बघतायत," काका म्हणाले, आणि आठवण होऊन त्यांनी हातातला बल्ब जरा थरथरवला.

ती थरथर मग त्यांना जन्माला पुरली. धाकटा दर वर्षी रजा टाकून आखणीला यायला लागला, आणि हात बरा झाला तर तो येणं बंद करील, या धास्तीनं काकांनी पुन्हा ब्रश धरला नाही. भावासमोर बशीतला चहा मुद्दाम अंगावर सांडायचे. त्यानं डॉक्टरकडे नेलं, तर तिथेही इमानदारीत थरथरले. सोमवारी मात्र माझ्याकडे कार्टून लावायचे, शटर अर्धं ओढून घ्यायला सांगायचे आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांवर पेन्सिलीनं डोळे काढायचे, एका रेषेत, श्वास रोखून. तो हात कामासाठी किती झुरत होता, ते मी बघितलंय. एकदा न राहवून म्हटलं, काका, आता सांगून टाका, तो तरीही येईल.

"येईल रे," ते म्हणाले. "पन नाय आला तर?"

काका गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. कॅसेटला बुरशी लागली, लायब्ररीही गेली. मागे एकदा धाकटा भेटायला आला, तेव्हा मी कपाटातून कॅलेंडरच्या कागदांचा गठ्ठा काढून त्याच्यापुढे ठेवला. त्यानं कागद उलटे करून महिने बघितले, साल बघितलं, पुन्हा सुलटे करून डोळे बघितले. मला वाटलं, चिडेल.

"कधी उजवा थरथरायचा, कधी डावा," तो म्हणाला. "त्याच्या ध्यानात राहायचं नाय. मी आपला गप बसायचो."

गठ्ठा तो घेऊन गेला, एक कागद माझ्यासाठी ठेवून. सोमवारी दुपारी काही सुचेनासं झालं की मी तो काढतो. काकांची फार आठवण येते.