हिरॉईनचा रंग

दिग्दर्शिका माझ्या पार्लरमध्ये आली तेव्हा मी एका नवरीच्या भुवया करत होते. एक जुना सिनेमा ती नव्यानं काढणार होती. तिनं त्याचं नाव सांगितलं आणि माझ्या हातातला दोरा तुटला.

तो सिनेमा मी लहानपणी बाबांबरोबर सात वेळा पाहिला होता. काळा-पांढरा सिनेमा. पुण्याची एक बाई जंगलातल्या गावात मास्तरीण म्हणून येते, गाव तिला पळवून लावायला बघतं आणि शेवटी तेच गाव तिच्यासाठी रडतं. मीही रडायचे, सातही वेळा. मास्तरीण इतकी गोरी, की साडी कुठं संपते अन् हात कुठं सुरू होतो ते कळायचं नाही. तिच्या घरी पाणी भरायला एक गोंड बाई यायची. ती तोंड उघडायची अन् टॉकीज हसायची. तीसुद्धा गोरीच नटी होती, काळा रंग फासलेली. हे मला बाबांनी दाखवलं. "कान पाह्य तिचे," ते म्हणाले, "कान रंगवाचे राहून गेले." बाबा झाडीपट्टीच्या नाटकांचे मेकअपमन, त्यांची नजर अशा ठिकाणीच जायची.

"आपल्या सिनेमात मास्तरीणच गोंड आहे," दिग्दर्शिका म्हणाली. "त्याच गावची पोरगी. शिकून परत येते."

"मंग तो सिनेमा काहून म्हणता त्याले? दुसरी गोष्ट सुचत नाही काय तुम्हाले?" मी नवरीला तसंच खुर्चीत ठेवून भांडायला उभी राहिले. माझा स्वभावच तसा आहे, गिऱ्हाइकांना सवय झाली आहे.

ती रागावली नाही. म्हणाली, "मावशी, दुसरी गोष्ट केली तर लोक म्हणतील, ही त्यांची गोष्ट, त्यांनी पाहावी. ही गोष्ट तर तुमच्याआमच्या सगळ्यांच्या घरची आहे. हिच्यात मला तिला बसवायचं आहे."

मला ते पटलं नाही. काम मात्र घेतलं, कारण त्या मास्तरणीला दुसऱ्या कोणी हात लावलेला मला सहन झाला नसता.

मास्तरणीच्या कामासाठी दिग्दर्शिकेनं शोधलेली गोंड पोरगी दुसऱ्या दिवशी आली. रामटेकच्या पलीकडच्या गावची, आईबाप धानाच्या शेतीतले, ही नागपुरात कॉलेजला, नाटकात कामं करणारी. रंग चांगला सावळ्याच्याही पुढचा, माझ्यासारखा. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. आल्या आल्या तिनं माझ्या भिंतीवरचे नवरीचे सगळे फोटो ओळीनं पाहिले आणि म्हणाली, "मावशी, तुमच्याकडं सावळ्या पोरींची लग्नंच होत नाहीत काय?"

"होतात वं, पण फोटोत गोऱ्या होतात," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी खळखळून हसलो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे मला नंतर कळलं.

खरी गोष्ट अशी होती, की भूमिका अजून तिची झालेली नव्हती. पैसे लावणारे साहेब म्हणाले होते, शनिवारी चार वाजता येतो, मेकअप करून, साडी नेसवून पडद्यावर दाखवा. हिरॉईन वाटली तर ठीक, नाही तर मुंबईची एक मुलगी तयारच आहे, तिला थोडं काळं करून घेऊ. दिग्दर्शिकेनं मला हे सांगितलं तेव्हा पोरगी तिथंच होती. ती फक्त म्हणाली, "मी घरी सांगून नाही ठेवलं अजून. आधी होऊ दे."

शनिवारी सकाळी आम्ही एका शाळेच्या वर्गात जमलो. मी बाबांची पत्र्याची पेटी नेली होती. माझ्याकडं नवं सामान ढीगभर आहे, पण सिनेमा म्हटल्यावर मला ती पेटीच पाहिजे होती. तिच्यात चार डब्या, प्रत्येकीवर बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी: राजा, हिरॉईन, म्हातारा, आणि चौथीवर, मोलकरीण व राक्षस. बाबांचा नियम होता, हिरॉईन म्हणजे तिच्या रंगाच्या दोन घरं वर, दोन छटा उजळ. माझा हात तीस वर्षं त्याच नियमानं चालत आला आहे. मी नव्या बेसमध्ये तो जुना हिशेब धरला, दोन घरं वर नेला, गोंदण झाकलं, मान रंगवली, हात कोपरापर्यंत रंगवले. कानसुद्धा विसरले नाही. मी हे सगळं तिच्या भल्यासाठी करत होते हो, देवाशपथ. साहेबांना पटली पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.

दिग्दर्शिकेनं कॅमेरा लावला. पोरगी फळ्यासमोर उभी राहिली. मास्तरणीचा पहिला दिवस, पोरांना नावं विचारते, तो प्रसंग. हीच पोरगी आदल्या दिवशी तो माझ्या पार्लरमध्ये इतका झकास बोलली होती, की खुर्चीतल्या नवरीनं टाळ्या वाजवल्या होत्या. आणि आता शब्द अडकायला लागले. तिनं खडू धरला, त्याला बोटांचा रंग लागला, तिनं घाबरून हात मागं घेतला. पडद्यावर पाहिलं तर चेहरा उजळ नव्हताच, राखेचं बोट फिरवल्यासारखा झाला होता.

"काय झालं?" दिग्दर्शिकेनं विचारलं.

"मले बोलता नाही येऊन राहिलं," पोरगी म्हणाली. "हे तोंड हललं त निघून पडंल असं वाटून राहिलं." मग माझ्याकडं वळून, अगदी हळू, "तुमची चूक नाही, मावशी."

ती रागावली असती तर मी दोन शब्द ऐकवले असते. तिनं माफ केलं, तेव्हा मला लाज वाटली. बारा वाजले होते. मी म्हटलं, पूस सगळं.

पुसलं. आता काय लावू? माझ्या नव्या सामानात तिच्या रंगाची एकही बाटली नव्हती. नवरीच्या रंगाच्या अकरा छटा होत्या, अकराही गोऱ्या. तिच्याच काय, माझ्या रंगाचीही नव्हती. तीस वर्षं दुसऱ्यांचे चेहरे रंगवले, स्वतःच्या मनगटावर रंग लावून पाहायची वेळच आली नव्हती.

मग मला चौथी डबी आठवली. म्हणजे ती कायम आठवणीत होती, मी तिच्याकडं पाहत नव्हते, एवढंच.

पाचवीत शाळेच्या गॅदरिंगला मला मोलकरणीचं काम मिळालं होतं. मी हट्ट धरला, मला हिरॉईनचाच रंग लावा. बाबांनी लावला. बाई विंगेत आल्या, म्हणाल्या, "अहो, ही मोलकरीण आहे, पुसा ते." बाबांनी पुसलं आणि चौथी डबी उघडली. दोन बोटं माझ्या गालावर फिरवली, आणि त्यांचा हात थांबला. रंग दिसेचना. जिथं लावला तिथं अन् जिथं नाही तिथं, गाल सारखाच. बाबांनी माझ्याकडं पाहिलं, मग डबीकडं पाहिलं. डबी बंद केली आणि म्हणाले, "तुले काही लावाची गरज नाही, जा." मी आनंदानं पळाले. त्यांचा चेहरा मी पाहिला होता, पण त्याचा अर्थ मला कळला नव्हता. त्या वर्गात, चाळिसाहून अधिक वर्षांनी, कळला. त्यानंतर बाबांनी मला कधी मेकअपला बसवलं नव्हतं.

डबीतला रंग वाळून टणक झाला होता. वापरण्याजोगा नव्हता, पण दिसत होता. मी ती डबी उघडी समोर ठेवली आणि माझ्या बाटल्यांमधला पिवळा, लाल, काजळाचा काळा असं काढत मनगटावर मिसळत बसले. पहिला फार लाल. दुसरा निळसर, अगदी भूत. पोरगी डबा उघडून जेवत होती, मधेच म्हणायची, "अजून जरा हळद पाहिजे, मावशी," जणू भाजीच शिजत होती. सातव्या वेळी मनगटावरचा रंग दिसेनासा झाला. मी तिचं मनगट ओढून घेतलं, तिथंही दिसेनासा झाला. मी चक्क ओरडले.

गोंदण तसंच ठेवलं.

साहेब बरोबर चारला आले, खुर्चीत बसले, पडद्याकडं पाहून म्हणाले, "मेकअप व्हायचा आहे का अजून?"

"झालाय," मी म्हटलं. आयुष्यात माझ्या कामाची इतकी मोठी तारीफ कोणी केली नव्हती.

पोरगी फळ्यापाशी गेली. समोर रिकामे बाक. तिनं एकेका बाकाकडं पाहत नाव विचारायला सुरुवात केली, आधी मराठीत, मग अचानक गोंडीत, हे कागदावर नव्हतं. शेवटच्या बाकापाशी थांबली. तिथलं न दिसणारं पोर जणू नाव सांगायला लाजत होतं. ती वाकली, कान पुढं केला, आणि ऐकू आल्यासारखी हसली. माझे डोळे भरले. आठव्यांदा रडले त्या मास्तरणीसाठी. पण यावेळी मास्तरीण माझ्यासारखी दिसत होती, आणि याआधी आपण कुणासाठी रडत होतो असा प्रश्न पडला.

साहेबांनी ते पुन्हा दाखवायला सांगितलं. चहा निवला. मग दिग्दर्शिकेला म्हणाले, "मुंबईला फोन करून टाका, नको म्हणावं." पोरगी तशीच वर्गाबाहेर पळाली, व्हरांड्यातून तिचा आवाज आला, "आई, ऐक ना वं, एक सांगाचं आहे."

मी पेटी आवरायला घेतली. मिसळलेला रंग एका रिकाम्या बाटलीत भरला. बाबांच्या चौथ्या डबीवरची चिठ्ठी मी काढली नाही, त्यांच्या हातची आहे, राहू दे. पण बाटलीवर नवी चिठ्ठी लावली आणि माझ्या अक्षरात लिहिलं, हिरॉईन.

आता पेटीत दोन हिरॉईन आहेत. रोज सकाळी पार्लर उघडलं, की त्यातली एक मी थोडी माझ्या मनगटावर लावून पाहते. दिसत नाही.