चावी मीच दिली

माझी मोटरसायकल चोरीला गेली, असं लोक म्हणतात. ते काही खरं नाही. चोराच्या हातात चावी मी स्वतः ठेवली, वर "तसदी दिली बरं का" असंही म्हणालो.

दौंडला सासरवाडीच्या भावकीतल्या एका मुलीचं लग्न होतं. मे महिन्यातली दुपार, मंगल कार्यालयाच्या दारात गाड्यांची ही गर्दी. मी कासुर्डीहून एकटाच आलेलो. फेटा बांधलेला, कपाळाला गंध लावलेला एक माणूस लगबगीनं पुढं आला.

"पाव्हणं, गाडी उन्हात कशापायी? चावी द्या, सावलीला लावतो. तुम्ही जेवून घ्या आधी."

मी मुलीकडचा. हा आपल्यातला दिसत नाही, म्हणजे मुलाकडचा. आणि मुलाकडच्या माणसाला 'तुम्ही कोण?' असं विचारायची आमच्यात कुणाची छाती नाही. तेवढ्यावरून रुसवेफुगवे होतात, भर मांडवात तोंडं फिरवली जातात. मी निमूटपणे चावी दिली.

जेवून बाहेर आलो तर गाडी सावलीत नव्हती आणि उन्हातही नव्हती. मुलाकडच्यांना विचारलं. त्यांच्यातले एक आप्पा म्हणाले, "फेटेवाला व्हय? त्यो तुमच्याकडचा न्हाई का? सकाळधरनं आमास्नी पाणी देतोय की!" दोन्ही बाजूंनी त्याचा मान राखला होता, एवढाच काय तो आमचा अपराध.

जुनाट गाडी, गेली तर गेली, असं म्हणून माणसं पंगतीकडं वळली. मला मात्र मांडवाच्या खांबाला धरून खाली बसावं लागलं.

आमचं घर तेरा माणसांचं. लग्नानंतर बायकोशी दोन शब्द बोलायचे तर घरात जागाच नव्हती. ती केडगावच्या शाळेत शिक्षिका. फुलांची तोड उरकली की मी तिला गाडीवर सोडायचो, संध्याकाळी आणायचो. सतरा वर्षं, ह्याच गाडीवर. आमचा खरा संसार झाला तो तिथं. मी रस्त्याकडं तोंड करून बोलायचो, ती मागं बसून ऐकायची. शेवंतीवरच्या रोगापासून भावाशी झालेल्या भांडणापर्यंत सगळं मी तिला सांगितलं. जे तोंडावर सांगायची हिंमत झाली नसती, तेही सांगितलं. एकदा, तू नसतीस तर मी कवाच संपलो असतो, असं म्हणालो होतो. घरी पोचलो की आम्ही पुन्हा मुके.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत सगळं आटोपलं. त्यानंतरही मी रोज संध्याकाळी केडगावपर्यंत जायचो आणि बोलत बोलत परत यायचो. वेडा म्हणा हवं तर. तिच्या फोटोसमोर माझं तोंडच उघडत नाही. गाडी गेली म्हणजे तिच्याशी बोलायची जागा गेली, एवढंच मला त्या मांडवात कळत होतं.

ठाण्यात हवालदारांनी सगळं नीट लिहून घेतलं. "गाडीची काही खास खूण, मामा?" त्यांनी विचारलं. मी "न्हाई" म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो?

परत येताना मेहुण्यानं, बायकोच्या धाकट्या भावानं, मला त्याच्या गाडीवर घेतलं. गाडी शिकल्यापासून मी कधी कुणाच्या मागं बसलो नव्हतो. पाटस सोडून हायवेला लागलो तसा तो बोलू लागला. त्याची मान हलताना दिसत होती, मधेच एक हातही वर जायचा. कानात नुसता वारा. त्याला वाईट वाटू नये म्हणून मी आपला अधूनमधून "हां" म्हणत होतो.

यवतला पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा त्यानं मागं वळून विचारलं, "मग काय ठरवलं, दाजी?"

"कशाचं?"

"आवो, पाटसपासनं त्येच तर सांगतोय! काहीच ऐकू आलं न्हाई व्हय?"

मी नुसती मान हलवली. मला तिथंच पंपावर सोडून तू जा, असं म्हणावंसं वाटलं, पण तेही म्हणता आलं नाही. गाडी सुरू झाली. तो पुन्हा बोलू लागला आणि मी पुन्हा "हां" म्हणालो. सतरा वर्षं ती मला मागून हेच म्हणत आली होती.