सकाळीही न उलगडलेलं पान

माझ्या वर्गातल्या एका मुलीचा मी मनापासून हेवा केला. अभ्यासात कधी एवढं मन घातलं नव्हतं.

बहात्तरचा दुष्काळ आम्ही शाळेत असताना झाला. हा दुष्काळ नंतरचा, त्या मानानं धाकटा. पण कॉलेजची बाग त्यानं खाल्लीच. आम्ही बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, विषय वनस्पतिशास्त्र. मी कळंबच्या अडत्याची मुलगी, पाठांतरात पहिली. ती लोहाऱ्याकडची, वसतिगृहात राहणारी. तिचे आईवडील रोजगार हमीवर खडी फोडायचे आणि इंग्रजी पुस्तक वाचताना ती ओळीला तीनदा अडखळायची. तरी सर प्रश्न मला विचारायचे आणि बघायचे तिच्याकडे.

सुरुवात ज्वारीवरून झाली. भर दुपारी ज्वारीच्या पानाची सुरळी का होते, असं सरांनी विचारलं. मी घडाघडा सांगितलं: पानांतून पाण्याची वाफ होऊन जाते, मुळं तेवढं पाणी पुरवू शकत नाहीत, म्हणून पान अंग चोरतं. सर "बरोबर" म्हणाले. मग ती उठली.

"सर, दुपारचं काय खरं न्हाय. दुपारी समदंच मलूल हुतं. पहाटं जाऊन बघावं. रातीत पान उलगडलं तर पीक हाय. सकाळीबी सुरळीच असली, तर मुळाला प्यायाला कायबी न्हाय."

तात्पुरतं कोमेजणं आणि कायमचं कोमेजणं यांतला फरक मी चार पानं घोकून पाठ केला होता. तिनं तो गावच्या पारावरल्या गप्पांसारखा सांगितला. सर हातात डस्टर धरून उभेच राहिले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यातच सहकारी साखर कारखान्याच्या माती तपासणी केंद्रात एक जागा निघाली. कॉलेजनं एकच नाव कळवायचं होतं. नोकरी लागली तर लग्न दोन वर्षं पुढं ढकलू, असं वडिलांनी मला कबूल केलं होतं. नाहीतर एक स्थळ दारात उभंच होतं. सरांनी निवडीसाठी दोघींना ज्वारीची एकेक कुंडी दिली. रोज एक तांब्या पाणी, त्याच्यावर थेंब नाही, आणि जे दिसेल ते वहीत मराठीत लिहायचं.

महिन्याभरात तिची ज्वारी माझ्या ज्वारीपेक्षा वीतभर उंच झाली. तिनं मातीवर वाळका पाला पसरला होता, तो बघून सर म्हणाले, "याला म्हणतात डोकं." माझ्याजवळही डोकं होतं, पण मला पाला सुचला नाही. मला मीठ सुचलं.

मिठाच्या द्रावणात पानाची साल ठेवली की पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं, हे आम्ही प्रयोगात पाहिलं होतं. त्या प्रयोगाचं उरलेलं द्रावण मी दोन दिवस तिच्या कुंडीत ओतलं. वरचा पाला पुन्हा नीट पसरला, हेही कबूल करते.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या ज्वारीची सगळी पानं सुरळी होऊन उभी होती. मी प्रयोगशाळेच्या खिडकीतून बघत होते. ती उकिडवी बसली, पाला बाजूला केला, मातीत बोट खुपसलं. माती ओली होती. मग तिनं चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली. तिच्या गावाकडं जमीन खारवटली का, हे असंच चाखून बघतात. माझ्या पुस्तकात ते नव्हतं. ती थुंकली आणि तिनं सरळ खिडकीकडे पाहिलं.

मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण ती काही विचारायला आलीच नाही. दुपारी तिनं आपल्या अंघोळीच्या वाटणीची बादली आणून कुंडीत ओतली, खालच्या भोकातून खारं पाणी वाहू दिलं, आणि तांब्याचा नियम आपण मोडला हेही वहीत लिहिलं. दोन पानं करपली. ज्वारी जगली.

वही वाचून सर हरखले. माती ओली, तरी झाड तहानलेलं! इतकी वर्षं शिकवलं, पण हे डोळ्यांनी दाखवता आलं नव्हतं, म्हणाले. त्याच तासाला त्यांनी तिचं नाव जाहीर केलं. मला लाज वाटायला हवी होती. वाटला तो हेवाच. तिची नोकरी मी माझ्या हातानं पिकवली होती.

माझा आवाज खणखणीत, म्हणून ते पान वर्गाला वाचून दाखवायला सरांनी वही मला दिली. मी वाचत गेले: पानं सकाळीही मिटलेली, माती ओली, चव खारट. खाली तिच्या वाकड्या अक्षरात शेवटची ओळ होती. "मीठ कुठून आलं, कळलं नाही."

ती पहिल्या बाकावरून माझ्याकडे बघत होती.

"मागं ऐकू गेलं नाही," सर म्हणाले. "शेवटची ओळ परत वाच."

मी परत वाचली.