वाजतगाजत धाडलेली बेबीताई

माझ्या आत्याचं बाप्तिस्म्याचं नाव अगाथा, पण नांदुऱ्यात तिला बेबीताईशिवाय कुणी काही म्हटलं नाही. माझे आजोबा दयाराम रेल्वेत गँगमन होते. चाळीत आमच्यासारखी कॅथलिक घरं चारच. १९६७ साली गावात तीन सिस्टर, म्हणजे नन, भाड्याच्या घरात राहायला आल्या. कॉन्व्हेंटसारखी ना उंच भिंत, ना फाटक. साध्या पांढऱ्या साड्या नेसून बाजारात स्वतः वांगी निवडायच्या. आयुष्याचं काय करायचं हे ज्या मुलींना उमगत नाही, त्यांनी वर्षभर आमच्यात राहावं, प्रार्थना करावी, काम करावं आणि मग ठरवावं, असं त्यांचं म्हणणं.

आजोबांनी त्यातलं 'मग ठरवावं' ऐकलंच नाही. बेबीताई आता कायमची सिस्टरच होणार असं धरून त्यांनी लेकीची पाठवणी केली. हिरवा चुडा, नवं लुगडं, ओटी आणि वर बँड! शेजारच्या गोजरबाईनंसुद्धा डोळ्याला पदर लावला. त्या बँडचा मला अजून राग येतो. नवरीसारखी पाठवलेली पोर परत आली की लोक तिला टाकलेलीच समजणार, एवढं तरी त्यांना कळायला हवं होतं.

पाठवणीनंतर आठव्या महिन्यात सिस्टरांसोबत ती एका खेड्यात गेली. तिथं एका बाळंतिणीचं रक्त थांबेना. सगळ्याजणी गुडघे टेकून प्रार्थना करत होत्या, बेबीताईही. पण तिची नजर दवाखान्यातून धावत आलेल्या नर्सबाईच्या हातांवरून हटेना. बाई वाचली. परतल्यावर आत्यानं भीतभीत मोठ्या सिस्टरांना, क्लेमेन्शियांना, सांगून टाकलं की मला नर्स व्हायचंय, सिस्टर नाही. त्या रागावल्या तर नाहीतच, दुसऱ्याच दिवशी नर्सिंगच्या शाळेचा फॉर्म मागवला.

सिस्टरांच्या घरातली दुसरी एकजण म्हणाली, पहाटेच्या गाडीनं तिला दूर कुठंतरी धाडावं, बोभाटा नको. क्लेमेन्शियांनी साफ नकार दिला. पोरीनं चोरी केली नाही, म्हणाल्या. भर बाजाराच्या दिवशी, टळटळीत उन्हात, ट्रंकेची एक कडी त्यांनी धरली, दुसरी आत्यानं, आणि दोघी रस्त्याच्या मधोमध चाळीकडे निघाल्या. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. बघू देत.

आजोबा दारात चौकटीला हात आडवा लावून उभे राहिले.

"वाजतगाजत धाडली पोरगी. आता कोन्त्या तोंडानं घरात घेऊ?"

क्लेमेन्शिया अमरावतीकडच्या, बोलणं आमच्यासारखंच. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "दयारामभाऊ, तुमी इले आमच्या घरी नांदाले नव्हतं धाडलं. देव काय म्हंते ते आयकाले धाडलं होतं. तिनं आयकलं."

आजोबांचा हात तसाच.  आत्या खाली वाकली, त्या हाताखालून आत शिरली आणि चुलीत काड्या सारून फुंकर घालू लागली. अख्खी चाळ दारात गोळा झाली होती, आणि आतून तिचा आवाज आला, "बाबा, सरका जराक. सिस्टरले आत येऊ द्या. चाय मांडली मी."