बस मागे घेतल्यानंतरचा फोटो
काही वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी उज्जैनमध्ये नानाखेड्याजवळ ओल्या रस्त्यावर स्कूटर, कार आणि बस एकमेकांवर आदळल्या आणि स्कूटरवरची बाई ठार झाली. जळक्या रबराचा वास आला की मला ती सकाळ आठवते. मी बातमीसाठी पोहोचलो तेव्हा बाईला दवाखान्यात नेलं होतं आणि बसचं तोंड कारच्या डिकीत घुसलेलं होतं. कार चालवणारे शाळामास्तर मराठी होते; ते भिजत मला सांगत होते, "अहो, मी ब्रेक लावून उभा होतो. बसनं मला स्कूटरवर ढकललं." मागे भाविकांच्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते. कुणीतरी ओरडलं, "भैया, पहले रास्ता खोलो, आज बाबा की सवारी है!" सवारीच्या, म्हणजे देवाच्या पालखीच्या दिवशी उज्जैनमध्ये कुणी रस्ता अडवून ठेवत नाही. ड्रायव्हरनं बस बरीच मागे घेतली, कार आम्ही पाच-सहा जणांनी ढकलून कडेला लावली, आणि मग मी फोटो काढला. पेपरात फोटोखाली 'घटनास्थल' एवढंच छापून आलं. दोन दिवसांनी पोलीस ठाण्यात गेलो तर तोच फोटो फाइलला लावलेला दिसला; त्यात बस कारपासून इतकी लांब होती की बसनं कारला धक्का दिलाच नाही असं वाटावं. "साहब, ये तो गाड़ियाँ हटाने के बाद का है," मी म्हणालो. अंमलदारानं फोटोवर बोट ठेवलं. "भाईसाहब, ये कहाँ लिखा है?" गाड्या हलवल्यावरच फोटो काढला, असा जबाब मी तिथंच लिहून दिला. तरी बाईच्या मृत्यूचा गुन्हा मास्तरांवरच दाखल झाला. खटला अजून चालू आहे, आणि त्यात पहिला पुरावा म्हणून माझा फोटो आहे.