बाबांच्या मापाचं जाकीट

बारकीच्या हाताला कधी कुणी नावं ठेवली नाहीत. कापडाने बटण मढवायला द्या, चिंध्यांचा गोफ विणायला द्या, उरल्यासुरल्या तुकड्यांची पिशवी करायला द्या. फॅशनच्या वर्गात हस्तकलेच्या तासाला तिच्या टेबलाभोवती घोळका असायचा. घोडं अडायचं ते वरच्या मजल्यावर, संगणकाच्या खोलीत. तिथे हीच पोरगी माऊस असा धरायची, जणू तो चावणार आहे. रेघ काढायला जावं तर टिंब उमटायचं, टिंब पुसायला जावं तर अख्खी बाही गायब व्हायची.

संगणक शिकवणाऱ्या मॅडम मनाने वाईट नव्हत्या, पण भारी घाईच्या. सहामाहीनंतर त्यांनी तिला बाजूला घेतलं.

"हे बघ, हात छान आहे तुझा. पण पुढच्या वर्षी सगळं पडद्यावरच असतं. शेवटच्या कामात पास झालीस तर ठीक, नाहीतर खाली शिवणवर्गात जागा आहे. त्यात कमीपणा काही नाही."

कमीपणा नव्हताच. पण खाली दुसऱ्याने बेतलेलं शिवायचं, आणि बारकीला स्वतः बेतायचं होतं. "मी इथेच राहणार, मॅडम," एवढंच ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून खोलीचं कुलूप निघायच्या आधीच ती दारात उभी असायची. सात नंबरच्या मशीनचा माऊस अडकायचा म्हणून त्याच्या वाटेला कुणी जात नसे. ते तिने आपलंसं केलं. रोज एक गोष्ट शिकायची आणि वहीत चित्र काढून लिहून ठेवायची. घरी ताईने खिल्ली उडवली, "वहीत संगणक शिकणारी जगात तू एकटीच!"

"शिकतेय ना? मग झालं," बारकी म्हणाली.

शेवटचं काम असं होतं: एका खऱ्या माणसाचं माप घ्यायचं, त्याचं जाकीट संगणकावर बेतायचं, स्वतः शिवायचं आणि त्यावर एक तरी हातकाम करायचं. बारकीने बाबांना धरलं. बाबा पोस्टमन. नेहमी तयार शर्ट घालणारे, मापाचं काही अंगावर न घातलेले. ते भलतेच लाजले, पण टेपसमोर उभे राहिले.

पडद्यावर जाकीट बेतायची वर्गातली रीत सोपी होती. उजवं अर्धं अंग काढायचं आणि 'आरशा'चं बटण दाबायचं, की डावं अर्धं आपोआप तयार. बारकीने तेच केलं. अर्ध्या वेळात काम झालं, तेव्हा ती स्वतःवरच खूश झाली. कापड कापलं, कच्चे टाके घातले आणि बाबांना जाकीट चढवलं.

डावीकडे कॉलर मानेपासून सुटून उभी राहिली. डाव्या काखेखाली चुण्या पडल्या. बाबा म्हणाले, "झकास झालंय गं," आणि उजव्या हाताने त्यांनी कॉलर मागे ओढून घेतली. बारकी बघतच राहिली. ही ओढ ती लहानपणापासून बघत होती. प्रत्येक शर्टात, दिवसातून पन्नासदा. तिला वाटायचं, बाबांची सवय आहे.

तिने बाबांना भिंतीला टेकून उभं केलं आणि दोन्ही खांद्यांवर पेन्सिलीने खुणा केल्या. डावी खूण तीन सेंटिमीटर खाली होती. अठ्ठावीस वर्षं टपालाची थैली त्याच खांद्यावर होती, आणि सगळ्या घरात एकालाही हे दिसलं नव्हतं. बारकीला स्वतःचा राग आला. माप घेताना तिने एकच खांदा मोजला होता. दुसरा तसाच असणार, असं आरशाच्या बटणाने सांगितलं आणि तिने मान डोलावली.

"खांद्यात गादी घाल आणि मोकळी हो," मॅडम म्हणाल्या. "पाच दिवस उरलेत."

बाबांचं वेगळंच. "दुसऱ्या कुणाचं तरी माप घे ना. माझ्या वाकड्या खांद्याचं प्रदर्शन कशाला?"

"वाकडं जाकीट होतं, बाबा. खांदा नाही," बारकी म्हणाली. गादी घातली असती तर कपडा सरळ दिसला असता, पण बाबांना तो पुन्हा ओढावाच लागला असता. तिने कंबर कसली. आधी रद्दीच्या कागदावर हाताने दोन वेगवेगळे भाग काढले, डाव्याचा उतार वेगळा, बाही जोडायचा मुंढा वेगळा. मग एकेक बिंदू मोजून पडद्यावर नेला. संगणक काही ऐकेना. डावीकडे रेघ हलवली की उजवीकडचीही हलायची. दोन सकाळी त्यात गेल्या. तिसऱ्या सकाळी दोन्ही भागांची जोडी सोडायची खूण सापडली, आणि सात नंबरसमोर ती एवढ्या जोरात "सुटली!" म्हणून ओरडली की मॅडमच्या हातून खडू पडला.

जाकीट तिने नव्याने कापून शिवलं, आणि बटणं थैलीच्या जुन्या, तुटलेल्या पट्ट्याच्या कापडाने मढवली. ते झिजून मऊ पडलं होतं, तरी त्यात तीन सुया मोडल्या.

परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी आधी फाईल उघडली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "डावं-उजवं जुळत नाही. ही तर पहिल्या महिन्यातली चूक." मॅडमनी मान खाली घातली.

बारकीने दाराकडे बोट केलं. "चूक नाही, सर. माणूस बाहेर बसलाय, त्याला बघा."

बाबा आत आले, होता होईल तेवढे ताठ. सरांनी त्यांना जाकीट घालायला लावलं, हात वर करायला लावले, भोवती दोन फेऱ्या मारल्या. कॉलर मानेला धरून होती. काखेत चुणी नव्हती. "कुठे ओढतंय का?" सरांनी विचारलं. सवयीने बाबांचा उजवा हात कॉलरपाशी गेला. तिथे ओढायला काहीच नव्हतं. हात क्षणभर तसाच राहिला, मग खाली आला. बाबांनी नाही म्हणून मान हलवली.

सरांनी कागदावर गुण लिहिले आणि मॅडमना म्हणाले, "हिला पुढच्या वर्षी वरच्याच वर्गात बसवा. डावं-उजवं वेगळं कसं केलं, ते मलाही बघायचंय."

घरी जाताना बाबांनी जाकीट काढलं नाही. कोपऱ्यावर आल्यावर ते म्हणाले,

"उद्यापासून थैली उजव्या खांद्यावर घेतो. निवृत्त होईपर्यंत दोन्ही सारखे होतील. तुझं ते आरशाचं बटण चालेल, काम अर्धं होईल."

"खबरदार!" बारकी म्हणाली. "आता माप बदलायचं नाही."