सालूमावशीची अकरा अंडी

खुडूक बसलेल्या कोंबडीच्या पोटाला निलगिरीचं तेल चोळणारी बाई तुम्ही पाहिली नसेल, तर माझ्याकडे पाहून घ्या. सात-आठ वर्षं झाली. मी शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. अठ्ठावन्न वर्षांची, अगदी कोवळी. हातात नवा मोबाईल. त्यात एक टापटीप बाई आपल्या कोंबड्यांना कसकसली तेलं लावायची आणि मी वहीत टिपून घ्यायची.

कोंबडी मात्र माझी नव्हती, सालूमावशीची होती. सालोमी तिचं नाव. पुणतांब्यात आमच्या घरामागे, चर्चच्या वाटेवर तिचं पत्र्याचं घर. रोज सकाळी खुराडं उघडलं की ती एकेका कोंबडीची चोच उघडून वास घ्यायची. "हिच्या तोंडाला आंबूस मारतंय. लसून चेचून घालाया पायजे." सर्दीला ओव्याची धुरी, जखमेला हळद, उवांना चुलीतली राख आणि वाळलेला कडुनिंब. मी ऐटीत माझी बाटली पुढे केली, तर हुंगून म्हणाली, "बाई, ह्ये तुमच्या गुडघ्याला लावा. कोंबडीला कोरडंच बरं." अडाणी आहे झालं, असं मी मनात म्हटलं.

आपल्या औषधांची हद्द तिला ठाऊक होती. "पाल्यानं मानमोडी जात न्हाई, तिला लसच लागती," म्हणायची आणि दरवर्षी कोंबड्या टोपलीत घालून दवाखान्यात न्यायची. त्या वर्षी तिचा पाय मुरगळला, टोचणं राहिलं. मानमोडी आली. माना पिळवटून कोंबड्या पंधरवड्यात गेल्या, कोंबडाही गेला. उरली एक ठिपक्यांची कोंबडी, कवडी, आणि तिने आधी घातलेली अकरा अंडी. त्यांच्यावर ती खुडूक बसली.

मावशीचा मुलगा चाकणला कामाला. आईला घेऊन जायचं त्याचं कधीपासून चाललेलं. तिने त्याला फोनवर सांगितलं, "पिल्लं निघाली तर मी हितंच. न्हाई निघाली तर ये आन् ने मला."

मी म्हटलं, "अहो मावशी, बाजारातून आणू की दुसऱ्या!"

"आना की. पर ही माझ्या आईच्या कोंबडीची औलाद हाय. लगीन होऊन नेवाशावरनं आले, तवा आईनं पिशवीत एक तलंग घालून दिल्ती. तिचं पिल्लू बाजारात मिळतं व्हय?"

रविवारी ती चर्चला गेली. जाताना कवडीकडे लक्ष ठेवायला सांगून गेली. मी डोकावले, तर कवडीच्या पिसांत उवा. राखेचं घमेलं शेजारीच होतं, हो! पण निवृत्त शिक्षिका राखेत हात घालील होय? खोबरेलात निलगिरी कालवून मी तिच्या पोटाला, पंखांखाली सढळ हाताने चोळली. कवडी कोकलली. "गप गं, तुझ्याच भल्याचं आहे," म्हणून मी तिला परत अंड्यांवर बसवली. संध्याकाळी अंडी चकाकत होती. मला वाटलं, वा, काय तजेला आलाय!

मी विज्ञान शिकवायची. अंड्याच्या कवचाला छिद्रं असतात, आतला जीव त्यांतून श्वास घेतो, हे वर्षानुवर्षं फळ्यावर आकृती काढून मीच शिकवलं होतं. आकृती मात्र सुबक काढायची.

विसाव्या दिवशी मावशीने पातेल्यात कोमट पाणी घेऊन अंडी सोडली. आत जीव असला की अंडं पाण्यात डुलतं. आम्ही दोघी उकिडव्या बसून बघत राहिलो. एकही हललं नाही.

"निजली असतील," ती म्हणाली. पाणी गार होईतो बसली. मग एक अंडं फोडलं. आत पिसं फुटलेलं पिल्लू, मान पोटात घालून. तिने कवच नाकाशी नेलं. मग माझ्या हातांकडे पाहिलं. मी ते पदराखाली घेतले.

तिने सगळी शेवग्याखाली पुरली. आठवडाभर मी तीनदा तिच्या दारापर्यंत गेले आणि तीनदा कोथिंबीर मागून परत आले.

मुलगा आला. कवडी तिने मलाच दिली. ती पुन्हा कधी खुडूक बसली नाही, उन्हाळ्यात मेली. मावशी चाकणला तिसऱ्या मजल्यावर चार महिने जगली. निरोप आला तेव्हा माती देऊन झाली होती.

पण ती चाकणला निघाली त्या सकाळी तिचं गाठोडं घेऊन मी स्टँडवर गेले होते. मुलगा तिकिटाचं बघत होता. मावशी खिडकीशी बसली. कंडक्टरने घंटी मारली, तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. "मावशी, कवडीला तेल मी लावलं होतं."

तिने गजांतून हात काढून माझ्या मनगटावर ठेवला.

"मला ठावं हुतं, बाई. पर तवाच तुमाला बोलले असते, तर आज मला यष्टीपस्तोर सोडाया कोन आलं असतं?"